छोटा हाथी, मोठा हप्ता

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवसापासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. टेम्पोवाल्यांना आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. विजेच्या गाड्यांवरचा कर मात्र २०१९ पासून ५ टक्केच आहे, तो तसाच राहिला. विजेचा छोटा ट्रक होता त्या किमतीला उभा राहिला आणि शोरूममधली त्याच्या शेजारची पेट्रोलची गाडी एका रात्रीत स्वस्त झाली.

तीनच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, टाटा मोटर्सने ‘एस प्रो’ बाजारात आणला होता. पेट्रोलचा ३.९९ लाखांना, विजेचा ६.५० लाखांना. फरक अडीच लाखांचा. करकपातीचा हिशेब मांडला तर पेट्रोलची गाडी सुमारे ३१ हजारांनी उतरते, म्हणजे फरक पावणेतीन लाखांच्या पुढे जातो. त्याच सुमारास कंपनीने ‘एस गोल्ड प्लस’ ही डिझेलची गाडीही ५.५२ लाखांना आणली. विजेकडे वळू पाहणाऱ्या साध्या माणसासमोर आता डिझेलसुद्धा विजेपेक्षा लाखभराने स्वस्त उभं आहे.

हे सगळं घडलं ते मूळच्या टाटा एसला, म्हणजे ‘छोटा हाथी’ला, वीस वर्षं पूर्ण झाली त्याच वर्षी. म्हणून मागे वळून पाहायचं. पाहायला जागाही चांगली आहे: वसईच्या किनाऱ्यावरचं कळंब. एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला निर्मळ, पुढे नालासोपारा. वाड्यांतला माल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला नेणारा हा पट्टा. गाडी परवडते की नाही, हा प्रश्न इथे पहाटे तीन वाजता उभा राहतो.

जुना इतिहास थोडक्यात उरकता येतो. ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत आला एका जर्मन कंपनीच्या नावातून. १९५८ साली फिरोदियांची बजाज टेम्पो उभी राहिली, तिची तीनचाकी गावोगाव पोहोचली आणि पुढे कुठल्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणू लागलो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बारामतीहून पियाजिओची आपे आली. वसईतला वाडीवाला तोवर लोकलच्या मालडब्यावरच विसंबून होता. मोगरा, सोनचाफा, विड्याची पानं, केळी, दुधी, पालेभाजी, सगळं टोपल्यांतून स्टेशनपर्यंत आणि तिथून पहिल्या गाड्यांनी दादरला. त्या डब्यातल्या धक्काबुक्कीबद्दल हळवं होण्यासारखं काही नाही. बायकांनी डोक्यावर ओझी घेऊन जिने चढण्यात कसली आली मौज?

मग मे २००५ आला.

टाटा एसची गोष्ट वाहनउद्योगात पुष्कळदा सांगितली जाते, पण तिचा गाभा नेहमी सुटतो. गिरीश वाघ या तरुण अभियंत्याच्या हाताखालच्या चमूने आधी तीनचाकी चालवणाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तरांत भार होता, भाडं होतं आणि मानही होता. चारचाकी असली तर स्थळं चांगली येतात, हे तेव्हाच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं आजही सांगितलं जातं. मग किंमत आधी ठरली आणि गाडी त्या किमतीत बसवली गेली. दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं डिझेल इंजिन, जेमतेम सोळा अश्वशक्ती, पाऊण टन भार आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. गाडीसह भरलेलं एकूण वजन तीन टनांच्या आत असल्याने मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिटची गरज नाही. परमिटसाठी खेटे घालण्यात ज्याची उमेद संपत असे, त्याच्यासाठी ही सवलत पाच हजारांच्या सुटीपेक्षा मोठी होती.

२००५ ते २०१५ हे दशक कळंब-निर्मळ-सोपारा पट्ट्यात ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याला ते विसरता येणार नाही. २००७ मध्ये बोरिवली ते विरार रेल्वेचं चौपदरीकरण पूर्ण झालं, २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर मोजली गेली. एवढी माणसं आली ती सामानासकट आली. गोदरेजचं कपाट, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, गणपतीचं मखर, लादी, पाइप, सिमेंटच्या गोण्या, सगळं छोट्या हाथीवरून. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतला तयार माल, निर्मळच्या कार्तिकी यात्रेतल्या दुकानांचं साहित्य, कळंबच्या किनाऱ्यावर आठवड्याच्या शेवटी येणाऱ्या पाहुण्यांसाठी बर्फ आणि खुर्च्या. मोठ्या ट्रकला दिवसा शहरात बंदी आणि गल्लीत जागा नाही, तिथे ही गाडी शिरत होती.

आणि पहाटेची दादरची खेप. चार वाडीवाले मिळून एक गाडी ठरवायचे, टोपल्या हौद्यात एकावर एक, वर ओलं गोणपाट. फुलं बाजारात ताजी पोहोचायची, लोकलच्या जिन्यावर मोगरा चुरगळायचा नाही. दादरचं अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. येताना रिकामं यायचं नाही म्हणून मुंबईहून भाडं मिळवायचं. नाक्यावर ज्याची स्वतःची गाडी, त्याला शेठ म्हणत नसत, पण त्याला कुणी ‘ए’ म्हणून हाकही मारत नसे. दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने असलेली मुलं तीन-चार वर्षांत मालक झाली. आपल्याकडे ‘रोजगारनिर्मिती’ हा शब्द भाषणात फार वापरला जातो. त्या दशकात तो नालासोपाऱ्याच्या टेम्पो नाक्यावर खरोखर घडत होता.

त्या काळाचा एक हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. ‘टेम्पोवाले हप्ते बुडवतात’ हे वाक्य २०१३-१४ च्या मंदीत सर्रास ऐकू यायचं. हे खोटं होतं असं नाही, पण ते अर्धं होतं. गाडीच्या किमतीच्या नव्वद-पंच्याण्णव टक्के कर्ज, कागदपत्रं नावालाच, एका नाक्यावर दहा भाडी आणि तीस गाड्या: हे कर्ज वाटणाऱ्यांनी केलं होतं. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला थोडं थोडं चढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचे दर पूर्ण मोकळे झाले. भाडं वाढलं नाही, गाड्या मात्र वाढल्या. फायनान्सवाल्यांनी गाड्या ओढून नेल्या आणि दोष माणसांच्या चारित्र्यावर ठेवला. ज्यांच्या घरासमोरून रात्री गाडी उचलली गेली, त्यांची पोरं आज पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर आहेत.

पुढची पाच वर्षं सांगण्याजोगी नाहीत. २०१७ अखेर एस कुटुंबाने वीस लाख गाड्यांचा टप्पा गाठला, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, गाड्या महागल्या. धूर कमी झाला ही चांगली गोष्ट. पण सव्वादोन लाखांची गाडी त्यानंतर कुणाला दिसली नाही.

मे २०२२ मध्ये ‘एस ईव्ही’ची घोषणा झाली, तेव्हा या पट्ट्यातल्या जुन्या मालकांनी कान टवकारले होते. आवाज नाही, धूर नाही, डिझेलची कटकट नाही. पण त्याच दिवशी ३९,००० गाड्यांसाठी सामंजस्य करार जाहीर झाले ते अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट आणि गाड्यांचे ताफे चालवणाऱ्या कंपन्यांशी. जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या गाड्याही अशाच कंपन्यांच्या दारात गेल्या. किंमत दहा लाखांच्या घरात, भार सहाशे किलो. २००५ मध्ये कंपनी आधी तीनचाकीवाल्याकडे गेली होती, २०२२ मध्ये आधी गोदामवाल्याकडे. यात बेकायदा काही नाही. पण ज्याच्या जिवावर ‘छोटा हाथी’ हे नाव घरोघरी पोहोचलं, त्याला रांगेत मागे उभं केलं गेलं, आणि हे लागतं.

त्यानंतर किमती उतरल्या, हे मान्य करायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राची ‘झिओ’ ७.५२ लाखांपासून आली, सप्टेंबर २०२५ मध्ये यूलरची एक टन भाराची गाडी ५.९९ लाखांना. तीन वर्षांत दहावरून सहावर, ही घसरण लहान नाही. तरी हिशेब कुठे अडतो?

समजा, एस प्रोसाठी नव्वद टक्के कर्ज काढलं, व्याज बारा टक्के, मुदत चार वर्षं. करकपातीनंतरच्या पेट्रोल गाडीचा हप्ता सुमारे ८,७०० रुपये, विजेच्या गाडीचा सुमारे १५,४००. महिन्याला ६,७०० जास्त. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि भरल्या गाडीचं एव्हरेज सोळा धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. विजेचा खर्च दीड रुपया धरा. किलोमीटरमागे पाच रुपये वाचतात. म्हणजे वाढीव हप्ता भरून निघायला महिन्याला तेराशे-साडेतेराशे किलोमीटर, रोजचे पन्नास, गाडी फिरली पाहिजे. ऑइल-क्लचचा खर्च वाचतो, तो धरला तरी आकडा फार खाली येत नाही.

आता हे कळंबमध्ये मांडून पाहा. कळंब ते नालासोपारा स्टेशन, दिवसाला दोन खेपा, फार तर चाळीस किलोमीटर. वाढीव हप्ता निघत नाही. दादरची खेप जाऊन-येऊन एकशे तीस. तिथे बचत भरपूर, पण कागदावर १५५ किलोमीटर धावणारी १४.४ युनिटची बॅटरी भरलेल्या हौद्यासह, वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलापाशी खोळंबून, तेवढं अंतर एका दमात कापेल याचा भरवसा धरता येत नाही. जवळ फिरणाऱ्याची बचत पुरत नाही आणि ज्याची बचत पुरते त्याला बॅटरी पुरत नाही. रोज सत्तर किलोमीटर फिरून रात्री स्वतःच्या चार्जरपाशी परतणाऱ्या कुरिअर कंपनीच्या गाडीला मात्र हे गणित बरोब्बर बसतं.

सरकारी मदतही अशीच छोट्या गाडीमालकाला वगळून जाते. १०,९०० कोटींच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या तीनचाकीला सवलत ठेवली गेली. ट्रकसाठी ५०० कोटी राखून ठेवले आहेत आणि एका ट्रकला कमाल ९.६ लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकांना. मधला छोटा हाथी दोन्हींत नाही. इतक्या माणसांना मालक करणारा गाडीचा वर्गच यादीत नसावा, ही चूक नजरचुकीने झाली असेल तर ती लगेच दुरुस्त करावी. एका गाडीमागे लाखभराची मदत आणि कर्जाला सरकारी हमी, एवढ्याने वरचा हप्ता कळंबच्या आवाक्यात येतो.

अमेरिकेतही हेच रडगाणं आहे. फोर्डने २०२१ मध्ये विजेचा पिकअप सुमारे ४०,००० डॉलरना जाहीर केला, २०२३ पर्यंत त्याची सुरुवातच ६०,००० च्या घरात गेली. ‘स्लेट’ नावाच्या नव्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये २०,००० डॉलरच्या आतला साधा ट्रक कबूल केला, तो ७,५०० डॉलरची करसवलत धरून. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, आपल्याकडच्या करकपातीनंतर आठच दिवसांनी. पण तिकडच्या पुष्कळ घरांत ट्रक ही हौस असते. इथे त्याच्यावर चूल पेटते.

आणखी एक दार बंद आहे, जुन्या गाडीचं. कळंब-निर्मळमधल्या बहुतेकांनी पहिला छोटा हाथी नवा घेतलाच नव्हता, दुसऱ्या-तिसऱ्या हातून घेतला होता. इंजिनचा आवाज ऐकून, पाटे पाहून, ओळखीच्या मेस्त्रीला सोबत नेऊन. विजेच्या जुन्या गाडीत बॅटरीत किती जीव उरलाय हे तो मेस्त्री कानाने सांगू शकत नाही, म्हणून सौदाच होत नाही.

२०१० साली घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरली. नोंदणीचं नूतनीकरण करायचं की गाडी मोडीत काढायची, हा प्रश्न या किनाऱ्यावर कित्येक अंगणांत उभा आहे. खाऱ्या वाऱ्याने हौद्याचा पत्रा खाल्लाय. सोपाऱ्याच्या गॅरेजांत सध्या त्याच पत्र्यांना ठिगळं मारून घेतली जातात आणि पहाटे त्यावर पुन्हा टोपल्या चढतात.