परदेशात मुलांचा पासपोर्ट संपतो तेव्हा

परदेशात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांत आईवडिलांना स्वतःच्या व्हिसाच्या तारखा तोंडपाठ असतात. मुलांच्या पासपोर्टची तारीख मात्र पुष्कळदा विमानाची तिकिटं काढतानाच पाहिली जाते. आपला पासपोर्ट १० वर्षांचा, म्हणजे मुलांचाही तेवढाच चालणार, असं गृहीत धरलेलं असतं. वस्तुस्थिती निराळी आहे. भारतीय पासपोर्ट अल्पवयीन मुलाला ५ वर्षांसाठी किंवा वयाची १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत मिळतो, यांतलं जे आधी येईल ते. मूल १५ ते १८ या वयात असेल तर १० वर्षांच्या मुदतीचा पर्याय खुला असतो, पण तो अर्जात निवडावा लागतो. सोळा वर्षांच्या मुलीच्या अर्जात हा पर्याय राहून गेला, तर दोनच वर्षांनी पुन्हा तीच धावपळ करावी लागते.

छापलेली शेवटची तारीख ही प्रवासाचीही शेवटची तारीख, हा दुसरा गैरसमज. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर यांसारखे देश प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. शेंगेन देशांत परतीच्या तारखेनंतर तीन महिने लागतात. म्हणजे पाच वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेचार वर्षंच निर्धास्तपणे वापरता येतो. मुदत संपायला एक वर्ष असल्यापासून नव्यासाठी अर्ज करता येत असताना शेवटच्या महिन्याची वाट पाहण्यात काहीच शहाणपण नाही.

नव्या पासपोर्टला नवा क्रमांक येतो आणि जुना रद्द झाल्याचा शिक्का मारून परत मिळतो. त्या शिक्क्याने पालकांचा जीव धसकतो: आतला व्हिसाही गेला की काय? अमेरिकेचा व्हिसा मुदतीत असेल आणि त्याचं पान धड असेल, तर तो जुन्या पासपोर्टातही वैध राहतो. प्रवासात दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे. ब्रिटनमध्ये आता व्हिसाची नोंद ऑनलाइन असते. तिथे नव्या पासपोर्टचा क्रमांक मुलाच्या खात्यात पालकांनी स्वतः जोडायचा असतो, नाहीतर विमानतळावरच्या तपासणीत नोंद जुळत नाही. अमिरातीत पासपोर्टवर रेसिडेन्स व्हिसाचा कागद चिकटवणं २०२२ पासून बंद झालं, म्हणून काम संपलं असं वाटतं. पण नवा क्रमांक तिथल्या नोंदीतही बदलून घ्यावाच लागतो.

अमेरिकेत एच-४ (नोकरदार पालकांवर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्या देशात किती दिवस राहता येईल हे व्हिसाच्या तारखेवर ठरत नाही. ते ठरतं विमानतळावर प्रवेश देताना नोंदवल्या जाणाऱ्या ‘आय-९४’वरच्या तारखेवर. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल, तर अधिकारी पुष्कळदा तीच तारीख तिथे टाकतात. बाबांच्या आय-९४वर अडीच वर्षांनंतरची तारीख आणि त्याच विमानातून उतरलेल्या मुलाच्या नोंदीवर आठ महिन्यांनंतरची, असं एकाच घरात घडू शकतं. मग वकिलातीतून नवा पासपोर्ट येतो, आईवडील निश्चिंत होतात आणि आय-९४ जिथल्या तिथे राहतो. नव्या पासपोर्टने ती तारीख आपोआप पुढे जात नाही. त्यासाठी देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो किंवा मुदत संपण्याआधी ‘आय-५३९’ हा मुदतवाढीचा अर्ज भरावा लागतो. दोन्ही राहिलं, तर शाळेत जाणारं ते मूल कागदोपत्री बेकायदा ठरतं. म्हणून प्रत्येक प्रवासानंतर घरातल्या प्रत्येकाची आय-९४ नोंद ऑनलाइन उघडून पाहणं फार गरजेचं आहे. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

अर्जावर एका पालकाची सही पुरते, हा समज अर्धा खरा आहे. मुलाच्या अर्जासोबत सर्वसाधारणपणे आई आणि वडील दोघांचं संमतीपत्र लागतं. पण दुसऱ्या पालकाची संमती नाही म्हणून मुलाची वाट कायमची अडते, हेही खरं नाही. एका पालकाला कारण नमूद करून वेगळ्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र देता येतं, आणि डिसेंबर २०१६च्या सुधारणांनंतर अर्जात आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. सतरा वर्षांच्या मुलीला अभ्याससहलीसाठी जपानला जायचं होतं. वडिलांनी संमती नाकारली, आईवडिलांचा वाद कोर्टात होता, आणि पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाने अर्ज अडवला. परदेशप्रवासाचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो, आईवडिलांच्या भांडणापायी तो मुलीकडून काढून घेता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं. पासपोर्ट मुलीचा आहे, भांडण तिचं नाही. हे कोर्टाला सांगावं लागलं, याचंच वाईट वाटतं.

अर्ज परत येण्याचं एक क्षुल्लक कारणही सांगायला हवं. सही न येणाऱ्या मुलाच्या चौकटीत आईवडील प्रेमाने स्वतःच सही करून टाकतात. तिथे मुलाचा अंगठा हवा असतो.

खरा गुंता होतो तो पासपोर्ट आणि नागरिकत्व एकच समजल्यामुळे. अमेरिकेत जन्मलेलं मूल जन्मानेच तिथलं नागरिक असतं. लंडनमध्ये वर्क व्हिसावर असलेल्या भारतीय जोडप्याचं मूल मात्र ब्रिटिश नसतं. १९८३पासून तिथे नुसता जन्म पुरेसा नाही. अशा मुलाच्या जन्माची नोंद सर्वसाधारणपणे वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, तेव्हाच त्याला भारतीय पासपोर्ट मिळू शकतो. अमेरिकी पासपोर्ट घेऊन पालकांसोबत पुण्यात परतलेल्या मुलांची वाट आणखी वेगळी. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या अमेरिकी पासपोर्टचं नूतनीकरणच होत नाही. दर वेळी मुलाला सोबत नेऊन, दोन्ही पालकांच्या संमतीने नवा अर्ज करावा लागतो.

पालक ग्रीन कार्डावरून अमेरिकी नागरिक झाले की १८ वर्षांखालचं, ग्रीन कार्ड असलेलं आणि त्यांच्या ताब्यात त्यांच्यासोबत तिथे राहणारं मूलही २००१पासून लागू असलेल्या कायद्याने आपोआप नागरिक होतं. त्याच्या भारतीय पासपोर्टवर तीन वर्षं शिल्लक दिसत असली, तरी तो वापरता येत नाही आणि त्याचं नूतनीकरणही होत नाही. तो वकिलातीत जमा करावा लागतो. पुढची सोय म्हणजे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, पण ते दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पूर्वी मुलाचा पासपोर्ट बदलला की ओसीआय कार्डही नव्याने काढावं लागे, आणि तो धसका अजून अनेकांच्या मनात आहे. एप्रिल २०२१पासून तो नियम गेला. आता वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नवा पासपोर्ट मिळाल्यावर त्याची प्रत आणि मुलाचा ताजा फोटो तीन महिन्यांच्या आत संकेतस्थळावर चढवायचा असतो, तोही मोफत. नवं कार्ड विसाव्या वर्षानंतरच्या पासपोर्टवर एकदाच काढावं लागतं.