‘दोन जिवांची’ म्हणजे दुप्पट जेवण नव्हे

परवा नालासोपाऱ्यात एका पहिलटकरणीच्या डोहाळेजेवणाला गेले होते. तिसरा डिंकाचा लाडू तिच्या ताटात ठेवत मावशी म्हणाल्या, “खा गं, दोन जिवांची आहेस. अंग भरलं की आजार जवळ फिरकत नाही.” मुलीनं मुकाट्यानं लाडू संपवला.

हे वाक्य वसई-विरारमध्ये मी इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. अहो, तो दुसरा जीव खातो तरी किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार गरोदरपणी रोज जादा लागतात 350 किलोकॅलरी. म्हणजे दोन पोळ्या, वाटीभर वरण, एखादं केळं. बस्स! वजनाबाबत अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं 2009 मध्ये दिलेले आकडे अनेक देशांतले डॉक्टर वापरतात: आधीचं वजन उंचीला साजेसं असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते 16 किलो वाढ, आधीच जास्त असेल तर 7 ते साडेअकरा. आपल्याकडे साधारण 10 ते 12 किलो सांगतात.

आणि अंग भरलं की आजार टळतो? उलट आहे. वजन फार वाढलं की गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका वाढतो. लघवीत साखर उतरली की जंतूंचं फावतं. सिझेरियन करावं लागलं तर स्थूल बाईचे टाके पिकण्याची भीती जास्त. मधुमेह वेळेत कळावा म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात, पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत. ही तपासणी चुकवू नका.

“कमी खा, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल” हेही तितकंच घातक. कमी वजनाच्या बाळांचं दुःख आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यानं पुरेसं पाहिलंय.

अशी आणखीही वाक्यं ऐकू येतात. “पहिलटकरणीला सूज येतेच.” पावलांना थोडी येते. पण चेहरा सुजला, आठवड्यात एकदम वजन वाढलं, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासा.

“पावसाळ्यात ताप येतोच.” साचलेल्या पाण्यातून चालल्यावर आलेला ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो. अंगावर काढू नका.

“लघवीची जळजळ म्हणजे उष्णता, सब्जा घे.” सब्ज्यानं जंतू मरत नाहीत. कधी तर जळजळही होत नाही आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. गरोदरपणी चालणारी औषधं आहेत, डॉक्टर देतात.

ओटी भरून झाल्यावर ती मुलगी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “मावशी, चार दिवस जळजळतंय, पण सासूबाई म्हणतात उष्णता आहे.” मी सासूबाईंनाच बाजूला घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तिला घेऊन लघवीच्या तपासणीला गेल्या.