कड्याला टीव्ही कधी आला?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ही तारीख वाचली की मला खडीचे ढीग आठवतात. मुंबईच्या दिवाणखान्यांत चित्रं हलू लागली त्या साली आष्टी तालुक्यातल्या आमच्या कड्यात विहिरींचे तळ दिसत होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मिळालेली सुकडी पदराला बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची.

अमेरिकेत १९३९ सालीच, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या उद्घाटनाला, अध्यक्ष रूझवेल्ट पडद्यावर दिसले होते. गंमत अशी, की खेड्यापर्यंत टीव्ही नेण्याचा आपला पहिला मोठा प्रयोग अमेरिकेच्याच उपग्रहावर झाला. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' प्रयोगातून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचले. शेजारच्या कर्नाटकातली विजापूर, गुलबर्गा, रायचूरकडची गावं त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. मुदत संपली, उपग्रह हलला आणि अनेक गावांतला पडदा कोरा झाला. मिळून गेलेल्याचं दुःख मोठं की न मिळालेल्याचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी कड्यात टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो ३ नोव्हेंबर १९८४ ला. एका व्यापाऱ्याच्या ओसरीवर कृष्णधवल संच, पत्र्यावर बांबूला बांधलेला अँटेना, तो फिरवायला एक पोरगं आणि खालून आरोळ्या : "आलं, आलं... गेलं!" पडद्यावरच्या मुंग्यांतून इंदिराबाईंची अंत्ययात्रा दिसत होती. आई दाराशीच उभी होती. मुलानं अग्नी दिला तशी ती न बोलता घरी गेली, डोक्यावरून अंघोळ केली आणि त्या रात्री तिनं चूल पेटवली नाही. दिल्लीतलं मरण आमच्या घरात आलं होतं.

१९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, हे तेव्हाच्या पोरांना सांगायला नको! पुढे मराठी कार्यक्रमही दिसू लागले, आमच्याही घरी संच आला. 'आमची माती, आमची माणसं' लागलं की आई निवडणं-टिपणं सोडून पुढ्यात बसायची. एकदा बागायतीचा सल्ला चालू होता. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मला म्हणाली, "त्यास्नी लिही, आधी पाणी धाडा म्हणावं."

मी लिहिलं नाही.