आवाज कुणाचा? नेरूळच्या स्टँडची गोष्ट

सायन-पनवेल महामार्गावरून पनवेलकडे जाताना जुईनगर मागे पडलं की प्रकाशझोतांचे उंच मनोरे दिसू लागतात आणि त्यांच्या खाली स्टेडियमचं वळणदार छत. नवी मुंबईतल्या नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम ते हेच. आज जगभरातले क्रिकेटप्रेमी या उपनगराला ओळखतात, कारण 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री भारतीय महिला संघानं एकदिवसीय विश्वचषक इथं पहिल्यांदा जिंकला. त्या रात्री 39,555 प्रेक्षक हजर होते.

विश्वविजय अकरा जणींचा, आणि त्याची नोंद इतिहासात झालीच आहे. पण हे प्रेक्षक कुठून आले? 2008 मध्ये उभ्या राहिलेल्या या मैदानाला स्वतःचा असा संघ नव्हता. पिढ्यानपिढ्यांचं वैर नव्हतं, आजोबांनी नातवाला दाखवावी अशी ठरलेली जागा नव्हती. तरीही सतरा वर्षांत नेरूळच्या स्टँडला स्वतःचा आवाज मिळाला. तो कसा घडला, हे समजून घेतल्याशिवाय या वास्तूचा परिचय पुरा होत नाही.

खांब नसलेलं छत

हे मैदान महाविद्यालयाच्या आवारात आहे. डॉ. डी. वाय. पाटील मूळचे कोल्हापूरचे, राजकारणातून शिक्षणक्षेत्रात आलेले आणि पुढे त्रिपुरा व बिहारचे राज्यपाल झालेले. त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या नेरूळच्या संकुलात वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय आणि स्टेडियम एकमेकांच्या शेजारी आहेत. वास्तुरचनाकार हाफीज कॉन्ट्रॅक्टर. मार्च 2008 मध्ये उद्घाटन झालं. आसनक्षमता पंचेचाळीस हजारांच्या आसपास.

या बांधणीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे छताला आधार देणारे खांब प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येत नाहीत. छत मागच्या बाजूनं पेललेलं आहे. त्यामुळे वरच्या रांगेतल्या कोपऱ्यात बसलेल्यालाही खेळपट्टी अखंड दिसते. मैदानाची रचना वाटोळी, प्रेक्षकांच्या रांगा चारही बाजूंनी मैदानाकडे उतरत येणाऱ्या. एका बाजूनं घोषणा सुरू झाली की समोरच्या बाजूला ती स्पष्ट ऐकू येते आणि तिकडून उत्तर येतं. प्रेक्षकांचा एकजीव समूह व्हायला एवढी सोय पुरेशी असते.

पोहोचणंही अवघड नाही. हार्बर मार्गावरची जुईनगर आणि नेरूळ ही दोन्ही स्थानकं जवळ. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी थेट नेरूळला येते, आणि उरणची लोकल नेरूळहून सुटते. त्यामुळे कुर्ला, ठाणे, पनवेल, उरण अशा चारही दिशांचा माणूस एका तिकिटात इथं येऊ शकतो. दक्षिण मुंबईतल्या वानखेडेला जायचं तर पनवेलच्या कुटुंबाला अख्खा दिवस काढावा लागतो. नेरूळच्या स्टँडमध्ये लेकरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं इतकी का दिसतात, याचं एक उत्तर या रेल्वेमार्गांत आहे.

पाहुण्यांचं मैदान

सुरुवातीची वर्षं मात्र पाहुण्यांची होती. आयपीएलचा पहिलाच अंतिम सामना 1 जून 2008 रोजी इथं झाला. शेन वॉर्नच्या राजस्थान रॉयल्सनं चेन्नई सुपर किंग्जचं 164 धावांचं लक्ष्य अगदी शेवटच्या चेंडूवर गाठलं. युसूफ पठाणनं 56 धावा केल्या आणि तीन बळीही घेतले. सामना अविस्मरणीय होता, पण एक संघ जयपूरचा आणि दुसरा चेन्नईचा. नेरूळकरांनी पाहुण्यांचं लग्न आपल्या मांडवात लावून दिलं.

2010 मध्ये तर हैदराबादचा डेक्कन चार्जर्स संघ तेलंगण आंदोलनामुळे आपलं शहर सोडून इथं ‘घरचे’ सामने खेळला. त्याच हंगामात बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर स्फोट झाले आणि दोन्ही उपांत्य सामने नेरूळला हलवले गेले. 25 एप्रिलचा अंतिम सामना मात्र खरी चढाओढ घेऊन आला. मुंबई इंडियन्स विरुद्ध चेन्नई सुपर किंग्ज. नवी मुंबईत तमिळ आणि मलयाळी कुटुंबांची मोठी वस्ती असल्यानं पाहुण्या संघाचे पाठीराखेही इथलेच रहिवासी होते. सचिन तेंडुलकर जखमी हातानं खेळला, 48 धावा केल्या, पण चेन्नईनं 22 धावांनी बाजी मारली.

मग फुटबॉल आला. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, 18 ऑक्टोबर 2014 रोजी, मुंबई सिटी एफसीनं घरचा पहिला सामना इथं खेळला आणि पुणे सिटीला 5-0 असं हरवलं. आंद्रे मोरित्झनं तीन गोल केले. लीगमधली ती पहिली हॅटट्रिक. मुंबई विरुद्ध पुणे हे महाराष्ट्रातलं जुनं, घराघरांतलं भांडण. फुटबॉलनं त्याला मैदान दिलं. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या नावानं मुंबईचे पाठीराखे संघटित झाले, तर पुण्याकडे ‘ऑरेंज आर्मी’ होती. पण 2016 मध्ये मुंबई सिटी अंधेरीला गेली आणि 2019 मध्ये पुणे सिटीचा संघच गुंडाळला गेला. नेरूळमध्ये रुजू पाहणारी ही चढाओढ दोन हंगामांतच संपली.

2017 मध्ये मुलांच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना इथं झाला. 2022 मध्ये मुलींच्या त्याच वयोगटाच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथंच झाला आणि स्पेननं कोलंबियाला 1-0 असं हरवलं. दर्जेदार खेळ येत राहिला, पण पुन्हा पाहुण्यांचाच.

चढाओढ कुठे रुजते

पाठीराख्यांची संस्कृती पैशानं किंवा मोठ्या मैदानानं येत नाही, याचा पुरावा जगभर आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला पॉट्सडॅम आणि कँटन ही दोन छोटी गावं आहेत, एकमेकांपासून सोळा-सतरा किलोमीटरवर. एका गावात क्लार्कसन, दुसऱ्यात सेंट लॉरेन्स. दोन्ही विद्यापीठं लहान, पण त्यांच्यातला आइस हॉकीचा सामना म्हणजे दोन्ही गावांचा सण. त्याच राज्यातल्या कॉर्नेलचे विद्यार्थी हार्वर्डचा संघ आला की बर्फावर मासे फेकतात. 1970 च्या दशकात कॉर्नेलच्या शेतकी महाविद्यालयाला हिणवण्यासाठी हार्वर्डकडून कोंबडी फेकली गेली होती; तिचं उत्तर म्हणून ही प्रथा पडली आणि आजवर टिकली.

आपल्याकडे हा जोर पाहायचा असेल तर पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जावं. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकात महाविद्यालयांचे गट ‘अरे आव्वाज कुणाचा’ असं विचारत नाट्यगृह दणाणून सोडतात. एकांकिका तासाभराची, पण पाठीराख्यांचा घसा महिनाभर बसलेला. नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावांतही हेच आहे. शहर वसवायला सिडको आली, सेक्टर आखले गेले, पण गावांची नावं टेनिस बॉल क्रिकेटच्या जर्सीवर टिकून राहिली. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने, लाऊडस्पीकरवर आगरी बोलीतलं समालोचन आणि शेजारच्या गावाला हरवल्याचा आनंद.

या सगळ्यांत तीन गोष्टी समान आहेत. खेळणारा आपल्या ओळखीचा वाटतो. आत जायला फार पैसे लागत नाहीत. आणि सामना पुन्हा पुन्हा, ठरल्यासारखा होतो. नेरूळच्या मोठ्या मैदानाकडे आयपीएलच्या काळात या तिन्ही गोष्टी नव्हत्या. त्या महिला क्रिकेटनं आणल्या.

फुकट तिकिटाची रात्र

डिसेंबर 2022 मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-20 मालिका नेरूळला आली आणि प्रवेश विनामूल्य ठेवला गेला. 11 डिसेंबरच्या दुसऱ्या सामन्याला पंचेचाळीस हजारांहून अधिक लोक आले. ऑस्ट्रेलियानं 187 धावा केल्या. स्मृती मानधनानं 79 धावांची खेळी करून पाठलाग पेलला आणि शेवटच्या चेंडूवर पुण्याच्या देविका वैद्यनं चौकार मारून सामना बरोबरीत आणला. सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. सामन्यानंतर संघानं मैदानाला फेरी मारून प्रेक्षकांना अभिवादन केलं.

नेरूळच्या स्टँडचा खरा जन्म त्या रात्री झाला, असं मला ठामपणे वाटतं. लोक ‘बघू या, फुकट आहे’ म्हणून आले असतील. परत गेले ते खेळाडूंची नावं घेत. पुढच्याच मार्चमध्ये, 4 मार्च 2023 रोजी, महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना याच मैदानावर झाला. हरमनप्रीत कौरनं 30 चेंडूंत 65 धावा कुटल्या आणि मुंबई इंडियन्सनं गुजरात जायंट्सला 143 धावांनी हरवलं. त्या हंगामात महिला आणि मुलींना प्रवेश मोफत होता. डिसेंबर 2023 मध्ये इथं महिला कसोटी झाली. दीप्ती शर्मानं सामन्यात नऊ बळी घेतले आणि भारतानं इंग्लंडला 347 धावांनी हरवलं. महिला कसोटीतला तो धावांच्या फरकानं सर्वांत मोठा विजय होता.

तीन हिवाळ्यांत एक सवय लागली. दहा-बारा वर्षांच्या मुली हातात पुठ्ठ्याचे फलक घेऊन येऊ लागल्या. जर्सीच्या पाठीवर स्मृती, हरमन, जेमिमा ही नावं दिसू लागली. ‘इंडियाऽ इंडिया’च्या मधोमध ‘गणपती बाप्पा मोरया’ सुरू व्हायला लागलं, जे मुंबईच्या स्टँडची खूण आहे.

2025 चा शरद

विश्वचषकाच्या मूळ कार्यक्रमात नेरूळ नव्हतंच. 4 जून 2025 रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर रॉयल चॅलेंजर्सच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. त्यानंतर बेंगळुरूचे सामने नेरूळला हलवण्याचा निर्णय झाला. साखळी फेरीची तिकिटं 100 रुपयांपासून होती.

23 ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध स्मृती मानधना आणि प्रतिका रावल यांनी 212 धावांची सलामी दिली. दोघींनीही शतकं केली. 30 ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचं 339 धावांचं लक्ष्य होतं. महिला एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा मोठा पाठलाग कधी यशस्वी झाला नव्हता. वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज आदल्या एका सामन्यात संघाबाहेर बसली होती, मनानं खचलेली होती. तिनं नाबाद 127 धावा केल्या, हरमनप्रीतनं 89, आणि नऊ चेंडू राखून भारत जिंकला. घरच्या पोरीला घरच्या माणसांनी शेवटपर्यंत उचलून धरलं, हे दृश्य या मैदानावर पूर्वी कधी घडलं नव्हतं.

अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. लोक हलले नाहीत. शफाली वर्माच्या 87 धावा, दीप्तीच्या 58 धावा आणि पाच बळी, लॉरा वोल्वार्टचं झुंजार शतक. मध्यरात्रीच्या सुमारास नादिन डी क्लर्कचा झेल हरमनप्रीतनं धावत जाऊन टिपला आणि दक्षिण आफ्रिका 52 धावांनी हरली.

हे यश किती दूरवरून आलं ते लक्षात ठेवायला हवं. 2013 च्या महिला विश्वचषकात वानखेडेवर ठरलेले सामने पुरुषांच्या रणजी अंतिम सामन्यासाठी तिथून हलवले गेले होते. बारा वर्षांनी, त्याच महानगराच्या खाडीपलीकडे, महिलांच्या सामन्याला जागा मिळवण्यासाठी लोक रांगा लावत होते.

आता पुढे

गर्दीचा आनंद आणि गर्दीचा धोका एकाच दारातून येतात, हे बेंगळुरूनं दाखवून दिलं. नेरूळला मोठे सामने मिळत राहणार असतील तर दारं, जिने, रात्री उशिराच्या लोकल आणि जुईनगर-नेरूळच्या फलाटांवरची व्यवस्था यांकडे खेळपट्टीइतकंच लक्ष द्यावं लागेल. पाठीराखा सुखरूप घरी पोहोचला तरच तो पुन्हा येतो.

आणि त्याला पुन्हा यायला निमित्त हवं. विश्वचषक रोज येत नाही. पण क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र तीन संघांत वाटलेला आहे: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. देशांतर्गत महिला स्पर्धांत जेमिमा मुंबईची आणि सांगलीची स्मृती महाराष्ट्राची. हे सामने आज जवळपास रिकाम्या स्टँडपुढे होतात. त्यांतला एक सामना दरवर्षी ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी, नेरूळला व्हावा. शाळा-महाविद्यालयांच्या मुलामुलींना मोफत प्रवेश द्यावा. उरणपासून ठाण्यापर्यंतच्या मुलींच्या संघांना आपापल्या जर्सीत बोलवावं. भारतासाठी ओरडताना सगळे एका बाजूला असतात. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र असा सामना लागला की एकाच घरातल्या दोन बहिणींनाही वेगवेगळी बाजू घ्यावी लागेल, आणि चढाओढ तिथूनच सुरू होते. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच जागांवर बसायला त्या आपणहून येतील. मग नेरूळला यजमान संघ शोधावा लागणार नाही.