ब्रेक दाबताच गाडी का थरथरते?

वसंतातील व्याख्याने म्हटली की साहित्य, इतिहास, अर्थकारण हे विषय आपल्या परिचयाचे. त्यांच्या पंक्तीला मोटारीचा ब्रेक आणून बसविला, तर कोणी म्हणेल, हे मिस्त्रीचे काम. सभेत त्याचे काय प्रयोजन? परंतु रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन येथील मासळी, अलिबागचा कांदा, वाड्यांतील नारळ-सुपारी हे सारे बाजाराला पोचते ते बहुधा पिकअप नावाच्या लहान मालगाडीतून. यांतल्या पुष्कळशा गाड्या जुन्या असतात. कार्ले खिंड उतरताना किंवा ताम्हिणीच्या एखाद्या वळणावर चालक ब्रेक दाबतो आणि स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरू लागते. मिस्त्री सांगतो, ‘डिस्क वाकली.’ नवी डिस्क बसते, काही महिने बरे जातात आणि पुन्हा तीच थरथर सुरू होते. पैसा गेला तो गेलाच. पण पुढे चालकाला त्या थरथरीची सवय होते, आणि खरा धोका तेथे आहे. म्हणून या थरथरीचे कारण क्रमाने कसे शोधावे, ते आज पाहू.

प्रथम ब्रेक म्हणजे काय, ते ध्यानात घेऊ. ब्रेक गतीची उष्णता करतो. अडीच टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबविली, तर जी उष्णता निघते तिने एक लिटर पाणी सहज उकळेल. तीच गाडी घाटातून ५०० मीटर खाली उतरली, तर तशा सुमारे ३५ थांब्यांइतकी उष्णता कोठेतरी जिरली पाहिजे. चालकाने खालचा गिअर धरला, तर त्यातील मोठा भाग इंजिन सोसते. न धरला, तर सारा भार ब्रेकवर येतो.

मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली जीपगाड्यांची जोडणी सुरू केली, तेव्हा त्या गाड्यांच्या चारही चाकांत ड्रम ब्रेक असत. ड्रम म्हणजे ओतीव लोखंडाचे डबडे. त्याच्या आतील बाजूस लायनर फाकून घासतात. डिस्कची कल्पना तशी जुनी. इंग्लंडात लँचेस्टर याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. परंतु १९५३ साली ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकच्या जग्वार गाडीने जिंकली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये बहुधा पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना असते. डिस्क ही फिरती लोखंडी थाळी. कॅलिपर दोन पॅडांनी तिला चिमटीत धरतो.

आता ‘डिस्क वाकली’ या निदानाकडे वळू. डिस्क थाळीसारखी सहसा वाकत नाही. होते ते असे. डिस्क ज्या हबवर बसते त्या हबच्या तोंडावर गंजाचा पातळ पापुद्रा राहिला, तर डिस्क किंचित तिरकी बसते. हा तिरकेपणा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे जाड केसाएवढा असला तरी पुरे. मग ब्रेक न दाबताही दर फेऱ्याला डिस्कचा एक उंचवटा पॅडला चाटून जातो आणि तेवढ्याच जागी ती झिजते. काही हजार किलोमीटरांनंतर डिस्क एके ठिकाणी जाड व दुसऱ्या ठिकाणी पातळ होते. जाड भाग पॅडांत आला की पकड घट्ट होते, पातळ आला की सैल होते. हीच थरथर. जाडीतला शतांश दोन मिलिमीटरचा फरकही हाताला जाणवू शकतो. म्हणूनच गंजक्या हबवर बसविलेली कोरी डिस्क काही महिन्यांनी पुन्हा थरथरते. दोष डिस्कच्या पाठीमागे राहिलेला असतो. दुसरे कारण उष्णतेचे. घाट उतरून तापलेली गाडी ब्रेक दाबून एका जागी उभी केली, तर पॅडचा द्रव्यांश डिस्कवर ठशासारखा चिकटतो आणि तेथे पकड निराळी होते.

मग शोध कसा घ्यावा? येथे आपल्या अलिबागच्या वेधशाळेचे उदाहरण उपयोगी पडेल. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने ही सूक्ष्म मोजणी बिघडेल, हे ओळखून ती मोजणी १९०४ साली अलिबागला आणली गेली. बारीक खूण ओळखायची, तर आधी भोवतीचा गोंगाट दूर करावा लागतो. तीच रीत येथे लागू पडते.

म्हणून पहिला प्रश्न असा: ब्रेक न दाबता, सपाट रस्त्यावर, एखाद्या ठराविक वेगाला गाडी थरथरते काय? थरथरत असेल, तर टायरचा फुगवटा, वाकलेली रिम किंवा चाकाचे बिघडलेले बॅलन्सिंग आधी पाहावे. थरथर केवळ ब्रेकच्या वेळीच येत असेल, तर पुढे जावे.

दुसरा प्रश्न: थरथर चाकाच्या फेऱ्यांशी ताल धरते काय? ताशी ६० किलोमीटरला पिकअपचे चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे घेते. गाडी मंदावते तसे धक्केही सावकाश पडू लागले, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत, म्हणजे डिस्कमध्ये किंवा ड्रममध्ये आहे असे समजावे.

तिसरा प्रश्न: थरथर कोठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये जाणवली, तर संशय पुढच्या चाकांवर; बैठकीत आणि हौद्यात जाणवली, तर मागच्यांवर. पायाखालचे पेडल वरखाली होणे ही दोहोंची खूण असू शकते. तो संशय फेडण्यास हातब्रेक उपयोगी. तो बहुतेक पिकअपमध्ये फक्त मागच्या चाकांवर चालतो. कोरड्या, सरळ, रिकाम्या रस्त्यावर ताशी तीसच्या आत, बटण दाबून धरून हातब्रेक हलकेच ओढावा. तेव्हाही गाडी थरथरली, तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. घाटात किंवा ओल्या रस्त्यावर हा प्रयोग कधीही करू नये.

यानंतर गाडी जॅकवर घ्यावी. खाली भक्कम ठोकळे लावल्याशिवाय कोणी अंग आत घालू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. ढिलाई आढळली, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली तर बेरिंग सैल. कायम राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजलेला. चाक डावी-उजवीकडे हलले, तर टायरॉडची टोके पाहावीत. पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुशही तपासावेत. हे सांधे बहुधा थरथर उत्पन्न करीत नाहीत, तिला मोठे करतात. नव्या गाडीत जो फरक कोणाच्या ध्यानी येणार नाही, तोच जुन्या गाडीत सारे स्टिअरिंग हलवितो. म्हणून सांधे सैल ठेवून नुसती डिस्क बदलणे हे अर्धेच काम होय.

डिस्क काढल्यावर हबचे तोंड तारेच्या ब्रशाने घासून लख्ख करावे. डिस्क बसवून, डायल गेज लावून ती एक फेरा फिरवून पाहावी. सुई फार हलली, तर डिस्क एक-दोन छिद्रे फिरवून पुन्हा बसवावी. मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजावी. लेथवर डिस्क साफ करता येते, परंतु तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली ती कधीही आणू नये. पातळ डिस्क लवकर तापते. शेवटी चाकाचे नट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आणि सारखे आवळावेत. एकाच बाजूने दांडा लावून आवळलेले नट डिस्क आणि ड्रम दोहोंना ताण देतात.

आपल्या किनाऱ्याची स्वतःची अशीही कारणे आहेत. मासळीच्या पेट्यांतून बर्फाचे खारे पाणी हौद्यातून मागच्या ड्रमवर आणि पाट्यांवर ठिबकत राहते. खाऱ्या हवेने कॅलिपरच्या पिना अडकतात. मग पॅड मोकळा सुटत नाही, एक चाक इतरांपेक्षा जास्त तापते आणि गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. जून-जुलैत मासेमारी बंद असता गाडी ओल्या हवेत उभी राहते. पॅडखालची डिस्क आणि बाहेरची डिस्क सारखी गंजत नाही. हातब्रेक ओढलेला असेल तर लायनर ड्रमला चिकटतात. पुढे नारळी पौर्णिमेच्या सुमारास गाडी निघाली की पहिल्याच उतारावर ती थरथरते. उपाय स्वस्त आहे. खेप संपली की चाकांवर गोडे पाणी मारावे आणि ब्रेक सुकेपर्यंत हलके दाबत थोडे अंतर जावे. पावसाळ्यात गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून व हातब्रेक सोडून ठेवावी. आठवड्याने एकदा अंगणात पुढे-मागे करावी.

आता एक इशारा. थरथर हळूहळू वाढली, तर तपासणीला एखादा दिवस मिळतो. परंतु ती एकाएकी आली, किंवा तिच्याबरोबर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, खोल जाणारे पेडल अथवा एका बाजूची ओढ आली, तर गाडी तेथेच उभी करावी. बर्फ वितळेल, मासळीचा भाव जाईल, हे नुकसान सोसण्यासारखे आहे. भरल्या गाडीने तशा ब्रेकवर घाट उतरणे हे चालकाच्याच नव्हे, समोरून येणाऱ्या एस.टी.तील उतारूंच्याही जिवावरचे आहे.

गाडीच्या मालकाने मिस्त्रीकडे जाताना ‘डिस्क बदला’ असे सांगू नये. थरथर कोणत्या वेगाला येते, हातात येते की बैठकीत, हातब्रेकने येते की नाही, एवढे सांगावे आणि हब घासून दाखविण्यास सांगावे. चांगल्या मिस्त्रीला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही. त्याचे अर्धे काम हलके झालेले असते.