वितळवून जोडलेले सोडवताना

इंग्लंडमध्ये १९६८ साली फोर्डची ‘एस्कॉर्ट’ ही छोटी मोटार बाजारात आली. गाडी होती घरगुती वापराची, पण शर्यतवाल्यांनी ती लगेच आपलीशी केली. १९७० सालची लंडन ते मेक्सिको ही सुमारे २५ हजार कि.मी.ची रॅली एस्कॉर्टने जिंकली. ब्रिटनची आर.ए.सी. रॅली तर १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षे एस्कॉर्टनेच जिंकली.

कारखान्यातून येणाऱ्या एस्कॉर्टचा मागचा ॲक्सल दोन कमानींना, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांना बांधलेला असे. गाडी एकदम वेग घेते तेव्हा चाके एका दिशेने फिरतात आणि ॲक्सलचे घर उलट दिशेने पिळवटू पाहते. त्याला आवरण्यासाठी शर्यतवाले ॲक्सल आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जादा दांड्या बसवीत. या दांड्या अडकवायला ॲक्सलवर जाड पत्र्याचे ब्रॅकेट वेल्डिंगने जोडावे लागत.

आज या गाड्या शौकिनांच्या हाती आहेत आणि काहींना आपली गाडी पुन्हा मूळ रूपात हवी असते. मग ब्रॅकेट काढायचे. काम किरकोळ वाटते : ग्राइंडर लावा, कापा, वरून रंग मारा. पण गाडीच्या मागच्या भागाचे वजन या ॲक्सलवर असते. उद्या तो भर रस्त्यात मोडला तर? म्हणून कापण्याआधी आपण थोडा विचार करू.

वेल्डिंग म्हणजे डिंक नव्हे

डिंकाने चिकटवलेला कागद भिजवला की सुटतो. खिळे ठोकलेली फळी खिळे उपटून वेगळी करता येते. वेल्डिंगचे तसे नाही. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. वेल्डिंग करताना ब्रॅकेटची कड, ॲक्सलचा पृष्ठभाग आणि वेल्डिंगच्या काडीचा धातू हे तिन्ही वितळून एक होतात. थंड झाल्यावर ब्रॅकेट कुठे संपला आणि ॲक्सल कुठे सुरू झाला, अशी रेघ उरतच नाही. त्यामुळे ब्रॅकेट ‘काढणे’ म्हणजे खरे तर एकाच तुकड्याचा नको असलेला भाग कोरून टाकणे होय.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. एक मीटर लांबीचा पोलादी गज १०० अंशांनी तापवला तर तो सुमारे १.२ मि.मी. वाढतो आणि निवला की तेवढाच आखडतो. आता समजा, तापलेल्या गजाची दोन्ही टोके पक्की धरून ठेवली आणि मग तो निवू दिला. आखडता न आल्याने गज ताणला जाईल. साधे पोलाद मीटरमागे सव्वा मि.मी.च्या आसपास ताणले की ते पूर्वीच्या लांबीवर परत येत नाही. म्हणजे अवघा १०० अंशांचा फरक त्याला या मर्यादेपर्यंत नेतो. वेल्डिंगचा धातू तर हजारहून अधिक अंशांनी निवतो आणि भोवतीचे थंड पोलाद त्याला घट्ट धरून असते. परिणामी जोडात कायमचा ताण कोंडून राहतो, आणि वेल्डिंगची बाजू आखडून ॲक्सलची नळी किंचित त्या बाजूला वाकते. ब्रॅकेट कापला की यातला काही ताण मोकळा होतो आणि नळी पुन्हा थोडी हलू शकते. ती पूर्वीइतकी सरळ होईलच असे नाही. म्हणून कापण्याआधी आणि कापल्यानंतर तिचा सरळपणा मोजायलाच हवा.

बांबू, हंडे आणि ओरखडा

दोघांनी खांद्यांवर घेतलेल्या बांबूला मध्ये दोन ठिकाणी पाण्याचे हंडे टांगले तर बांबू खाली झुकतो. त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. ॲक्सलचेही असेच आहे. टोकांना चाके त्याला वर उचलून धरतात आणि थोड्या आतल्या बाजूला कमानी त्याच्यावर गाडीचा भार टाकतात. चाक खड्ड्यात आदळले की खालच्या बाजूचा ताण क्षणभर वाढतो, मग कमी होतो. एका किलोमीटरला असे शंभर धक्के धरले, तर दहा हजार कि.मी.त दहा लाख धक्के होतात. एका धक्क्याने न मोडणारा धातू लाखो धक्क्यांनी थकतो आणि त्याला तडा जातो.

हा धडा रेल्वेने फार महाग किमतीला शिकवला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. पन्नासहून अधिक माणसे त्या अपघातात दगावली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर अनेक वर्षे प्रयोग करून दाखवले, की एकदाच लावला तर सहज पेलवणारा ताणही पुनःपुन्हा लावला तर घातक ठरतो.

तडा बहुधा एखाद्या खाचेपासून सुरू होतो. खाचेच्या टोकाशी ताण किती पटींनी वाढतो, याचे गणित इंग्लिस यांनी १९१३ साली मांडले. खाचेच्या खोलीला तिच्या टोकाच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि एक मिळवा. ग्राइंडरची चकती घसरून अर्धा मि.मी. खोल ओरखडा पडला आणि त्याच्या टोकाची त्रिज्या ०.०२ मि.मी. असली, तर उत्तर येते ११. तितकाच खोल, पण १२.५ मि.मी. त्रिज्येचा सौम्य खळगा असेल तर उत्तर येते फक्त १.४. दोन्हींची खोली एकच, पण धोका किती वेगळा! खाच किती खोल आहे यापेक्षा ती किती टोकदार आहे, याला अधिक महत्त्व आहे.

मग काढावे कसे?

आता कृतीमागची कारणे आपोआप उलगडतील. ॲक्सल गाडीतून बाहेर काढावा, कारण ठिणग्या आणि पेट्रोलची टाकी यांचे सख्य नाही. आतले तेल काढून टाकावे. आतले फिरते दांडे आणि तेलाची सीले आधीच काढून ठेवावी, म्हणजे उष्णता आणि पोलादाची भुकटी त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

ब्रॅकेट नळीला भिडवून कापू नये. करवतीने किंवा पातळ चकतीने दोन-तीन मि.मी. अंतर राखून कापावा. उरलेला भाग ग्राइंडरने थोडा थोडा, मध्ये थांबून उतरवावा आणि शेवटचा थर कानशीने घासावा. घाई केली तर धातूच सांगतो. घासलेले पोलाद सुमारे २३० अंशांना गवती पिवळे होते, ३०० अंशांच्या आसपास निळे. हे रंग पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरात प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने दिसतात, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच. निळा डाग दिसला की थांबावे. पाणी मात्र ओतू नये. अचानक निवण्याने नळी वाकू शकते, आणि पोलादात कार्बन जास्त असेल तर तो भाग ठिसूळ होतो.

शेवटचे ओरखडे नळीच्या लांबीच्या दिशेने असावेत. ताण लांबीच्या दिशेने असतो, त्यामुळे आडवा ओरखडा त्याच्या वाटेत येतो, उभा येत नाही. जोडाच्या जागी किंचित उंचवटा राहिला तर राहू द्यावा. तो गुळगुळीत असला की पुरे. दिसायला सपाट करण्याच्या हट्टापायी मूळ नळी पातळ होते.

मग तपासणी. स्वच्छ केलेल्या जागेवर तांबडा भेदक द्रव लावतात. केशाकर्षणाने तो तड्यात शिरतो. वरचा द्रव पुसून पांढरी पूड फवारली की तड्याची तांबडी रेघ उमटते. नळीला तडा दिसला, ती पातळ झाली असली किंवा वाकली असली, तर दुसरे घर शोधणे शहाणपणाचे. खड्डा पुन्हा वेल्डिंगने बुजवणे म्हणजे नवी उष्णता आणि नवा कोंडलेला ताण. तो निर्णय जाणकारावरच सोपवावा.

वर्गात करून पाहा

एकाच कागदाच्या तीन सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या कापा. पहिली तशीच ठेवा. दुसरीच्या कडेला कात्रीने तीन मि.मी.ची चीर द्या. तिसरीच्या कडेला पंचिंग यंत्राने तेवढाच खोल अर्धगोल पाडा. पट्ट्या टांगून खाली पिशवीत वाळू घालत जा. कोणती आधी फाटेल, याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्या. प्रत्येक प्रकाराच्या पाच पट्ट्या घेऊन सरासरी काढली तर उत्तम.

चीर आणि अर्धगोल यांची खोली सारखीच असते. मग त्या वेगवेगळ्या वजनांना का फाटतात, हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर ॲक्सल न पाहताही त्याला त्याचे शास्त्र कळू लागले असे समजायला हरकत नाही.