दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्रांतील पाणी आणि प्रकाश

दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी आकाराचा त्याग करून केवळ क्षणिक प्रकाशाचा पाठपुरावा केला, असे विधान कलेच्या इतिहासग्रंथांतून वारंवार आढळते. त्यांनी रंगविलेले पाणी बारकाईने पाहिल्यास हे विधान टिकणे कठीण आहे.

१८६९ च्या उन्हाळ्यात क्लोद मॉने व ऑग्यूस्त रन्वार यांनी पॅरिसजवळ सेन नदीवरील ‘ला ग्रनुयेर’ या जलविहाराच्या ठिकाणी एकत्र काम केले. मॉनेचे त्या दृश्याचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यातील पाणी रुंद, आडव्या व परस्परांपासून सुट्या फटकाऱ्यांनी साधलेले आहे. जवळून ते निळ्या, पांढऱ्या, गर्द तपकिरी रंगांचे तुकडेच दिसतात. चार पावले मागे सरले की पाणी हालू लागते. असे का व्हावे?

तरंगयुक्त पाणी म्हणजे निरनिराळ्या अंशांनी कललेले असंख्य लहान आरसेच होत. तरंगाचा जो उतार पाहणाऱ्याकडे वळलेला असतो, तो आकाशाचा वरचा भाग दाखवितो; शिवाय त्यावर दृष्टी कमी तिरपी पडत असल्याने परावर्तन घटते आणि खालच्या पाण्याचा गडद रंगही डोळ्यांपर्यंत पोचतो. पलीकडचा उतार समोरच्या काठावरील झाडे किंवा क्षितिजालगतचे फिके आकाश दाखवितो. म्हणजे हे रंग पाण्यावर मिसळलेले नसतात, शेजारी शेजारी असतात. मॉनेचा सुटा फटकारा ही घाई नव्हे; ते पाण्याच्या घडणीचे वर्णन आहे. दूर जाता जाता फटकारे आखूड होतात व त्यातूनच पृष्ठभागाचे यथादर्शन सिद्ध होते. (मॉनेने स्वतः मात्र बाझीय या मित्रास लिहिलेल्या पत्रात तेथील आपल्या कामास वाईट कच्चे खर्डे म्हटले होते!)

प्रकाशाची गोष्ट थोडी निराळी आहे. १८७२ हे साल घातलेल्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या ल हाव्र बंदराच्या चित्रातील नारिंगी सूर्य झगझगीत भासतो. पण त्याची तेजस्विता भोवतालच्या करड्या आकाशाइतकीच आहे, भेद आहे तो केवळ रंगाचा. मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी याची उपपत्ती अशी दिली आहे: वस्तूचे स्थान व गती जाणणारी मेंदूतील यंत्रणा रंगाविषयी जवळजवळ अंध असून तेजस्वितेच्या भेदावरच चालते. तिला हा सूर्य धड दिसत नाही. म्हणून तो एका जागी स्थिरावत नाही, थरथरल्यासारखा वाटतो. एकरंगी चित्रपत्रावरून ज्यांनी या कृतीचा अभ्यास केला असेल, त्यांना तर तो जवळपास दिसलाच नसेल.